रात्री दोन वाजता उठवणारा बाप

आमच्या बारकीची सातवी झाली. गावात जिल्हा परिषदेची शाळा आहे ती सातवीपर्यंतच. पुढं हायस्कूल पाहिजे तर नाणे मावळातनं खाली उतरायचं, रेल्वेच्या कडेला यायचं. निकालाच्या दिवशी संध्याकाळी आय चुलीपुढं बसली होती. म्हणाली, "आता हिला कुटं घालायची ते तू सांग. तू लिवतोस, वाचतोस."

मी लिहितो-वाचतो म्हंजे काय? कामशेतला भाताच्या गिरणीवर कामाला आहे. दिवसभर पोती उचलायची, कोंडा वेगळा, कणी वेगळी. रात्री केसातला तूस झटकायचा आणि पुस्तक घेऊन बसायचं. कविता करतो. माझी शाळा नववीत सुटली. पुढं जे काही शिकलो ते विहारातल्या कपाटातनं आणि रद्दीवाल्याच्या ढिगातनं. तेव्हा हा इतिहास डिग्रीवाल्याचा नाही. पण तारखा तपासून लिहिलाय, एवढं कबूल करा.

आयेनं प्रश्न विचारला आणि माझ्या डोक्यात दुसराच किडा वळवळला. पोराला कुठल्या हायस्कुलात घालायचं, हा प्रश्न आपल्या वस्तीत कधीपासून विचारायला लागले? माझ्या आज्याला कुणी विचारला नव्हता. त्याच्या बापाला तर हायस्कूल म्हंजे काय तेच ठाऊक नसणार. निवडायला दोन दारं लागतात. आपल्याला एकच दार होतं, तेही आतनं बंद. मग हे उघडलं कुणी?

आधी एका शब्दाचा घोळ मिटवू. पब्लिक म्हंजे लोक. पब्लिक स्कूल म्हंजे लोकांची शाळा, असं आपल्याला वाटावं. पण हायवेनं लोणावळ्याकडं निघा आणि पाट्या वाचा. जिथं 'पब्लिक स्कूल' लिहिलंय तिथं पब्लिकनं आत जाऊ नये असं समजायचं. फी ऐकली तर आमच्या गिरणीच्या मालकालाही घाम फुटेल. शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात खाजगी शाळांत चार जागांतली एक गरिबाला ठेवलीय, पण ती अगदी खालच्या वर्गात शिरताना. आठवीत जाणाऱ्या पोरीला तिथनं वाट नाही. आणि हा कायदा पोराचा हात धरतो तो सहा ते चौदा वर्षांपर्यंत, आठवीपर्यंत. बारकी तेराची. म्हंजे एक वर्षानं कायदा म्हणणार, जा बाई आता तुझी तू.

तेव्हा मी पब्लिक शाळा म्हणतो ती सगळ्यांच्या पैशावर चालणारी. सरकारी, नगरपालिकेची, जिल्हा परिषदेची. आणि अनुदानित सुद्धा, कारण तिथं संस्था खाजगी असली तरी मास्तरांचा पगार सरकारच्या तिजोरीतनं येतो. तिजोरीत आमच्या काडेपेटीचा कर पडतो. ज्याचा पैसा त्याचं पोरगं आत गेलं पाहिजे. हिशोब सोपा आहे. पण हा सोपा हिशोब मान्य व्हायला किती वर्षं लागली ते बघा.

जून १८५६. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. तिथल्या सरकारी शाळेत एका महाराच्या पोरानं नाव घालायला मागितलं. शाळेनं नको म्हटलं. पोरगा गप बसला नाही, त्यानं थेट मुंबई सरकारला अर्ज केला. सरकारनं काय केलं? न्याय तुझ्या बाजूनं आहे हे झाकता आलं नाही, पण तुझ्या एकट्यासाठी बाकीच्यांची शाळा मोडून कशी चालेल, असा हिशोब मांडला. एक पोरगा एका पारड्यात, सगळं गाव दुसऱ्या पारड्यात. पोरगा हरला. त्याचं नाव इतिहासानं ठेवलं नाही. अर्ज ठेवला.

पण तो अर्ज विलायतेपर्यंत गाजला. कंपनी सरकारच्या वरच्या साहेबांनी मुंबईवाल्यांचे कान धरले. १८५८ साली मुंबई सरकारनं जाहीर केलं की जी शाळा सर्वस्वी सरकारच्या खर्चानं चालते ती सगळ्या जातींना खुली. कागदावर दार उघडलं ते तेव्हा. धारवाडचा पोरगा आत गेला नाही, त्याच्या अर्जानं कायदा आत गेला.

आता पुढचे आकडे नीट ऐका. १८८१-८२ साली, म्हंजे दार उघडल्यावर चोवीस वर्षांनी, सगळ्या मुंबई इलाख्यातल्या मिडल स्कुलांत आपली पोरं किती? सतरा. आणि हायस्कुलांत? शून्य. कॉलेजात शून्य. हे आकडे पुढं बाबासाहेबांनी २९ मे १९२८ च्या निवेदनात मांडले, बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीनं, सायमन कमिशनपुढं. मी ते पहिल्यांदा वाचले तेव्हा गिरणीत मशीन चालू होतं, आणि मला आवाज ऐकू येईना. सबंध इलाखा. सिंध ते कानडी मुलूख. एक नाही.

का नाही? दाराला कुलूप नव्हतं म्हणून शून्य कमी होत नाही. गावची शाळा बऱ्याचदा देवळात भरायची. मास्तर छडी फेकून मारायचा, हातानं पाटी धरायचा नाही. पोरगा पडवीत बसायचा, पावसाळ्यात पडवी गळायची. तिथनं चौथी पार करणार कोण? हायस्कूल लांबच राहिलं.

जोतीराव फुल्यांनी ऑक्टोबर १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढं निवेदन दिलं. म्हणाले, कर रयत भरते आणि शिकतो भलताच. प्राथमिक शिक्षण बारा वर्षांपर्यंत सक्तीचं करा. आणि त्यांनी आणखी एक सांगितलं, की जिथं महार-मांगांची पोरं बरोबर बसू देत नाहीत तिथं त्यांच्यासाठी वेगळ्या शाळा काढा. त्यांनी स्वतः पुण्यात १८५२ साली तशी शाळा काढली होती. त्यांच्याच शाळेत शिकलेली मुक्ता साळवे. मांगाची पोर. १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये तिचा निबंध छापून आला, मांग-महारांच्या दुःखाविषयी. तेव्हा वेगळ्या शाळेला नावं ठेवायच्या आधी मुक्ताकडं बघावं.

पण त्याच गोष्टीची दुसरी बाजू कोल्हापुरात दिसते. शाहू महाराजांनी १९१९ साली हुकूम काढला, अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद, सगळ्यांची पोरं एकाच शाळेत बसतील. वेगळी शाळा म्हंजे वेगळा पाणवठाच की. एका माणसानं वेगळी काढली, दुसऱ्यानं वेगळी मोडली, आणि दोघंही आपले. हे कोडं मला बरेच दिवस सुटेना. ते कसं सुटलं ते शेवटी सांगतो. आधी एका बापाची गोष्ट.

रामजी सकपाळ. सुभेदार. पलटणीत होते आणि पलटणीच्या शाळेत हेडमास्तर होते. पलटणीत शिक्षण सक्तीचं, म्हणून शाळा काय चीज असते हे या बापाला आतनं माहीत. पेन्शनीवर घर चालवायचं. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात त्यांनी पोराचं नाव घातलं, इंग्रजी पहिलीत. पोरगा नऊ वर्षांचा. तीच शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखतात, आणि ती तारीख महाराष्ट्रात २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात.

त्या शाळेत काय वाढून ठेवलं होतं ते बाबासाहेबांनीच लिहून ठेवलंय. बसायला घरनं तरट न्यायचं, आणि संध्याकाळी घरी आणायचं, कारण शाळेचा झाडूवाला त्याला शिवायचा नाही. तहान लागली तर शिपायानं नळ सोडायचा, तेव्हा पाणी. शिपाई नाही तर पाणी नाही. मग रामजींना हे माहीत नव्हतं का? मास्तर माणूस, सगळं माहीत होतं. तरी घातला. कारण १८५८ च्या कागदानं त्यांना एवढंच दिलं होतं की या शाळेला नाही म्हणता येणार नाही. माणसं कशीही वागोत, नाव हजेरीपटावर राहील.

१९०४ च्या सुमारास हे कुटुंब मुंबईला आलं. परळला डबक चाळीत एक खोली. पोरगा तेराचा. आमच्या बारकीएवढा! आधी मराठा हायस्कुलात घातला. काही महिने झाले. मग बापानं तिथनं काढला आणि एल्फिन्स्टन हायस्कुलात घातला. एल्फिन्स्टन म्हंजे सरकारी शाळा आणि तेव्हा नावाजलेली. दोस्तहो, माझ्या लेखी ही आपल्या इतिहासातली मोठी घटना आहे. चवदार तळ्याच्या तेवीस वर्षं आधी, कुणी बघत नसताना, एका पेन्शनर बापानं दोन शाळा तोलल्या आणि एक निवडली. मिळेल ते पदरात घ्यायची सवय लागलेल्या समाजातल्या बापानं म्हटलं, ही नको, ती पाहिजे.

आणि ती निवडलेली शाळा तरी कशी? फळ्याच्या मागं पोरांचे जेवणाचे डबे ठेवलेले असायचे. एक दिवस भीमरावाला गणित सोडवायला फळ्याकडं बोलावलं तर पोरं डबे हलवायला धावली. संस्कृत शिकायचं म्हटलं तर नाही, फारशी घ्यावी लागली. चांगली शाळा म्हणतात ती ही. चांगल्या शाळेतला मास्तर चांगला असेलच असं नाही, आणि शेजारचं पोरगं तर घरात शिकवलेलंच बोलणार.

तर मग रामजींनी नुसती शाळा निवडली असती आणि हात झटकले असते तर? भीमराव टिकला असता? इथं खरी गोष्ट आहे. चाळीतली एकच खोली. त्यातच संसार, चूल, शेजाऱ्यांचा कालवा. बाप पोराला लवकर झोपवायचा आणि स्वतः जागा राहायचा. रात्री दोन वाजता पोराला उठवायचा आणि मग त्याच्या जागेवर आपण आडवा व्हायचा. पुस्तकाला पैसे नसले तर लग्न झालेल्या लेकीकडं जायचा, तिचा दागिना मागून घ्यायचा, गहाण टाकायचा, पेन्शन आली की सोडवून परत करायचा. आणि थोरला भाऊ आनंदराव? दोघांना शिकवायची ऐपत नव्हती. त्याची शाळा सुटली, तो कामाला लागला.

आनंदरावाचा पुतळा कुठं नाही. मी पोतं उचलताना कधीकधी त्याची आठवण काढतो.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. सत्काराची सभा झाली, अध्यक्ष सीताराम केशव बोले. कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी आपण लिहिलेलं बुद्धाचं चरित्र पोराच्या हातात दिलं. याच बोल्यांनी पुढं ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात ठराव मंजूर करून घेतला. आपण तो पाण्याचा ठराव म्हणून ओळखतो, महाडला त्याच्यामुळं गेलो. पण त्यात पाणवठ्यांबरोबर सार्वजनिक शाळा पण होत्या. तळं आणि शाळा एकाच ठरावात! आपण तळं लक्षात ठेवलं, शाळा विसरलो.

आता आपल्या तालुक्यात या. रामजींनी एल्फिन्स्टनमध्ये नाव घातलं त्याच्या पुढच्या काही वर्षांत तळेगावला समर्थ विद्यालय चाललं होतं. प्राध्यापक विजापूरकरांची राष्ट्रीय शाळा. सरकारी शिक्षण नको, स्वदेशी शिक्षण पाहिजे, असा तो जमाना. १९१० साली सरकारनं ते बंद पाडलं. त्यांचा त्याग मोठा, मी नाकारत नाही. पण गंमत बघा, ज्यांच्या घरात तीन पिढ्या सरकारी शाळेत शिकल्या ते सरकारी शाळा सोडा म्हणत होते, आणि ज्यांची एक पिढी पण आत गेली नव्हती तो सुभेदार सरकारी शाळेच्या दारात पोराचा हात धरून उभा होता. एकाच वेळी दोघंही आपापल्या जागी बरोबर असतील. पण आपली जागा कुठली ते आपण विसरू नये.

तळेगावात बाबासाहेबांचा बंगला होता, ते तिथं येऊन राहायचे. आणि देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी त्यांच्या हातानं बुद्धमूर्ती बसली. आमचा पणजा त्या दिवशी चालत गेला होता असं आज्या सांगायचा. परत आला आणि घरातल्या देवांचं गाठोडं इंद्रायणीत सोडलं. पण पोराला, म्हंजे माझ्या आज्याला, चौथीच्या पुढं पाठवू शकला नाही. इच्छा होती. हायस्कूल लांब होतं आणि येसकराची पाळी जवळ होती. महारवतन जायला १९५८ चा कायदा यावा लागला.

माझा बा सातवी शिकला. बांधकामावर सेंट्रिंगचं काम करायचा. त्यानं मला हायस्कुलात घातलं तेव्हा मी त्याच्याबरोबर गेलो होतो. इस्त्री केलेला शर्ट, खिशाला बाबासाहेबांचा बिल्ला. क्लार्कनं विचारलं त्याला "हो साहेब" म्हणाला, सही केली, आणि बाहेर आल्यावर मला भजी खाऊ घातली. त्याला वाटलं, झालं काम. दार ओलांडलं.

त्या हायस्कुलाचं नाव लिहीत नाही. वर्गात मास्तर येऊन म्हणायचा, "शिष्यवृत्तीवाले उभे रहा." आम्ही पाच जण उभे. सगळा वर्ग बघायचा. फॉर्म भरायचा असेल तर एकदा उभं करायचं, हा मात्र आठवड्याला उभं करायचा. वर्ग झाडायची पाळी वहीवर सगळ्यांची होती, झाडू मात्र फिरून फिरून आमच्याच हातात यायचा. आठवीत इंग्रजीत नापास होता होता वाचलो. नववीत बा पडला, स्लॅबवरनं. आठ महिन्यांनी गेला. मी शाळेत जायचा थांबलो तर शाळेतनं कुणी विचारायला आलं नाही. हजेरीपटावर किती दिवस माझं नाव होतं कोण जाणे.

बाचा राग येत नाही. त्यानं शाळा निवडली ती रामजींसारखीच हिमतीनं निवडली. पण रात्रीचे दोन वाजले तेव्हा उठवायला कुणी नव्हतं. तो दिवसभर सळया वाकवून मेल्यागत झोपायचा. आणि आयेला अक्षर येत नाही.

तर आता बारकी. वाटा तीन. पहिली पब्लिक स्कूलची, ती पाटी वाचूनच सोडून दिली. दुसरी, समाजकल्याणची निवासी शाळा. अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध पोरींसाठी, राहणं, जेवण, पुस्तकं सगळं फुकट. तिसरी, लोणावळ्याचं अनुदानित मराठी हायस्कूल, कामशेतनं लोकलनं, मधे मळवली, की लोणावळा.

मी निवासीच्या बाजूनं होतो. तिथं कुणी तिला उभं करणार नाही. फुल्यांचं नाव घेऊन आयेला समजावलं. ती म्हणाली, "आदी बगून तरी येऊ." आम्ही लोणावळ्याला गेलो. मला वाटलं आय ऑफिसात जाईल. ती मधल्या सुट्टीत आवारात एका झाडाखाली जाऊन बसली. नुसती बघत. पोरी पाणी कुठं पितात. घोळका करून बसतात का वेगवेगळ्या. डबा उघडला की कोण कुणाच्या डब्यात हात घालतं. झाडणारी मावशी आली तिला विचारलं, "बाई, वर्गात झाडू कोन मारतं?" "पाळीनं मारत्यात." "समद्या?" "समद्या. पाटलाची बी." मग म्हणाली, चल आता हापिसात.

परत येताना लोकलमधे मी विचारलं, निवासी शाळा वाईट हाय का? ती म्हणाली, "वाईट न्हाई. जिला घर न्हाई, वाट न्हाई, तिच्यासाठी सोन्याची हाय. हिला ऱ्हायला घर हाय. ऱ्हावं आपल्यात, शिकावं समद्यांत."

मी गप झालो. कारण माझं कोडं तिनं मळवली ते कामशेतच्या मधे सोडवलं होतं. बाबासाहेबांनी ४ जानेवारी १९२५ ला सोलापूरला वसतिगृह काढलं ते याचसाठी. पोरं राहतील आपल्या छपराखाली, तिथं कुणी तरट मागणार नाही, आणि शिकतील गावच्या हायस्कुलात, सगळ्यांच्या बाकावर. फुल्यांनी वेगळी काढली कारण तेव्हा बरोबर बसूच देत नव्हते. शाहूंनी मोडली कारण हुकूम द्यायची ताकद हातात होती. वेगळं कुठं व्हायचं आणि एकत्र कुठं यायचं, हे ज्या त्या बापानं, ज्या त्या आयेनं आपलं पोर आणि आपली वाट बघून ठरवायचं. ठरवायचा हक्क मात्र आपला पाहिजे.

बारकीचं नाव लोणावळ्याला घातलं. फॉर्मवर पालकाची सही म्हणून आयेनं अंगठा लावला, क्लार्क म्हणाला भावाची सही चालेल. आय म्हणाली, "माझाच ऱ्हाऊ दे."

शाळा निवडली म्हणजे काम संपलं असं मी मानत नाही. तसं मानून एक पोरगा भाताच्या गिरणीत आला. मी मालकाला सांगून रात्रपाळी सोडलीय. पैसे कमी येतील. घरात खोली एकच आहे. दहाला ती झोपते, मी दिव्याखाली हे लिहीत बसतो. दोनचा गजर लावलाय. महिन्याला एकदा मी शाळेत जाणार, बोलावलं नाही तरी. मास्तरांना माझा चेहरा पाठ झाला पाहिजे.

तुमच्या वस्तीत यंदा कुणाची सातवी झाली असेल, कुणाची आठवी. नुसतं नाव घालून येऊ नका. मधल्या सुट्टीत जाऊन झाडाखाली बसा. पाणी बघा, झाडू बघा, डबे बघा. आणि घरात एक माणूस जागं राहू द्या.

आता पावणेदोन झालेत. थांबतो. तिला उठवायचंय.